हौदाला हात लावायचा नाही

माझे सासरे मला आवडत नव्हते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुठेतरी माझा गळा दाटून येईल अशी कुणी वाट बघत बसायला नको. त्यांनाही मी आवडत नव्हते आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. तरी सकाळी मागचं दार उघडलं आणि हौद दिसला की मला आधी रागच येतो, मग चहाची आठवण होते.

तो हौद आम्ही हौसेने बांधलेला नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी नाशिक रोडला आम्ही घर बांधायला काढलं, तेव्हा बांधकामाला पाणी साठवायला कंत्राटदाराने मागच्या अंगणात विटांचा हौद बांधला होता. आठ फूट लांब, पाच फूट रुंद, कमरेइतका खोल. घर झालं, वास्तुशांत झाली, कंत्राटदार गेला, हौद तिथेच राहिला. नवरा म्हणायचा, भर घालून वर फरशी टाकू, स्कूटर लावता येईल. त्याच्याकडे कुठल्याही प्रश्नावर स्कूटर लावता येईल हे एकच उत्तर असायचं. मी नको म्हटलं. मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचे आणि मुलीला मासे हवे होते. ती दुसरीत होती. काचेची पेटी घ्यायची तर घरात जागा नव्हती, आणि मागे एवढा हौद आयता पडलेला होता.

मी कामाला लागले ती पुस्तक वाचून. शाळेच्या ग्रंथालयात मत्स्यपालनावरचं एक जुनं पुस्तक होतं, ते घरी आणलं. हौद घासून घेतला, आतून निळा रंग दिला, पाणी भरून आठवडाभर नुसतं ठेवलं. मेनरोडच्या बाजूच्या एका दुकानातून पाणी गाळणारी छोटी मोटर आणली. अकरा लाल मासे आणले. दर रविवारी एक तृतीयांश पाणी बदलायचं, दिवसातून दोनदा चिमूटभर खाद्य घालायचं, उरलेलं जाळीने काढायचं. मी वहीत तक्ता केला होता. तळाला पडलेला रुपया दिसावा इतकं पाणी स्वच्छ असायचं. मुलीने अकराही माशांना नावं ठेवली होती. ती नावं मी इथे लिहिणार नाही, तेवढं तिचं तिच्याकडे राहू दे.

मग सासरे आले.

त्यांची द्राक्षबाग होती, विंचूरच्या अलीकडे. थोरले दीर ती बघायचे. दोन हजार सालानंतर तिकडे वाइनचं वारं सुटलं आणि दिरांनी जुन्या वेली उपटून वाइनची द्राक्षं लावायचं ठरवलं. सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने लावलेल्या वेली होत्या त्या. बापलेकांचं कडाक्याचं भांडण झालं. "दारूच्या बागंत मी पाय ठेवनार नाय," असं म्हणून ते एका पिशवीत कपडे आणि दुसऱ्या पिशवीत मोरचूद घेऊन आमच्याकडे निघून आले. मोरचूद म्हणजे ते निळे खडे, चुन्याच्या निवळीत मिसळून द्राक्षांवर फवारतात ते. सासूबाई आधीच गेल्या होत्या. माणूस घर सोडताना बायकोचा फोटो घेईल, देव घेईल. यांनी मोरचूद घेतलं. आमच्या अंगणात एक लिंबाचं झाड होतं, त्याच्या बुंध्याला लावायला उपयोगी पडेल म्हणाले.

पहिल्या दिवशी त्यांनी हौद पाहिला. काठावर बसले, तंबाखू मळली, बराच वेळ पाण्याकडे बघितलं आणि मला म्हणाले, "मास्तरीनबाई, हे मासे खातात काय?"

मी डबा दाखवला, तक्ता दाखवला.

"मंजी तू एक दिस गावाला गेली तर मेले."

मी म्हटलं, नाही दादा, दोन दिवस चालतं. सगळे त्यांना दादा म्हणायचे, मीही म्हणायचे. ते हसले. त्यांचं हसू मला तेव्हापासून डोक्यात जायला लागलं.

त्यांचं हौदाबद्दलचं मत साधं होतं. तळाला माती हवी. मातीत कमळ हवं. पाणी हिरवं झालं की त्यात मासे आपलं आपण खातात. वरून काही घालायचं नाही, काही काढायचं नाही, पाणी आटलं तर तेवढंच वाढवायचं. हौदाला हात लावायचा नाही. हे एवढंच ते रोज, कधी मला, कधी नवऱ्याला, कधी भाजीवालीला सांगायचे. मी म्हणायचे, ही तुमची शेतातली विहीर नाही. ते म्हणायचे, विहिरीतले मासे कुनाच्या तक्त्यावर जगत्यात?

खरं तर भांडण हौदाचं नव्हतंच. मला ते घरात नको होते. सकाळी न्हाणीघराबाहेर त्यांची खाकरणी, देवघराच्या कोनाड्यात त्यांची तंबाखूची डबी, मी शाळेतून दमून आले की "आज लवकर सुटली वाटतं" हा टोमणा. दिरांशी त्यांचं पटेल, ते परत जातील, या एका आशेवर मी दिवस काढत होते. आणि त्यांना हे कळत होतं. हौद हा एकच कोपरा होता जिथे कोण राहणार आणि कोण जाणार हे दिवसाढवळ्या बोलता येत होतं. माझ्या पद्धतीने हौद राहिला तर घर माझं. त्यांच्या पद्धतीने राहिला तर ते इथून हलत नाहीत.

उन्हाळ्यात भारनियमन सुरू झालं. आधी दोन तास, मग चार, मग केव्हाही. मोटर बंद पडली की मासे पाण्याच्या वर तोंड काढून आ वासायचे. एका शनिवारी मी शाळेतून आले तर सासरे मांडीभर पाण्यात उतरलेले, धोतर खोचलेलं, तांब्याने पाणी उचलून उंचावरून परत हौदात सोडत होते. मुलगी काठावर बसून आकडे मोजत होती. ती चारशेच्या पुढे गेली होती. ऊन मी म्हणत होतं. लाईट आली तेव्हा त्यांनी तांब्या खाली ठेवला, माझ्याकडे बघितलंही नाही आणि मुलीला म्हणाले, "इजंवर जगनारे मासे पाळायचे का गं आपन?"

"नाही!" ती ओरडली.

मला आभार मानायला हवे होते हे मला समजत होतं. मी मानले नाहीत. तांब्या पूजेचा होता, त्यावरून बोलले.

त्या महिन्यात मोटर कपाटात गेली. नवऱ्याने मध्ये पडून, म्हणजे पेपरातून डोकं वर काढून, सांगितलं की दादांना काय करायचं ते करू दे, तुझीही कटकट वाचेल. सासऱ्यांनी दारणेच्या काठावरून तीन पोती माती आणली, कुणाच्या तरी तळ्यातून कमळाचा कंद आणला. माझा निळा रंग चिखलाखाली गेला. पंधरा दिवसांत पाणी असं हिरवं झालं की बोटभर खालचं दिसेना. मी वाट बघत होते की मासे मरतील. हे लिहायला बरं वाटत नाही, पण मी खरंच वाट बघत होते. मेले नाहीत. वाढले. पावसाळ्याअखेर तळहाताएवढे झाले आणि पाण्यातून वर आले की हिरव्यात एकदम लाल दिसायचे. एकही गेला नाही, अकराचे अकरा होते.

मुलगी शाळेतून आली की दप्तर टाकून हौदावर. दोघं काठावर बसायची, पाय सोडून. ते तिला बागेच्या गोष्टी सांगायचे, गारपिटीच्या, कोल्ह्यांच्या. ती मला विचारायची, आई, तुला कोल्हा माहीत आहे का गं? जणू मी काल जन्मले होते. मी तिला पेशीची आकृती शिकवायला बसले तर ती म्हणायची, थांब, आजोबांना विचारून येते.

संक्रांतीला मी कॉलनीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. त्यातल्या एकीने मागच्या दारातून डोकावून नाक मुरडलं आणि विचारलं, "हे डबकं बुजवत का नाही तुम्ही? डास होतील." दुसरी म्हणाली, "आणि तुम्ही सायन्सच्या बाई ना?" मी तिळगूळ वाटत राहिले. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण हातात वाटी होती. त्या गेल्यावर मी हौदापाशी गेले. सासरे तिथेच होते. मी म्हटलं, दादा, लोक घाण म्हणतायत. ते म्हणाले, "लोकांना पान्यात तोंड बघायचं असतं. त्यांनी आरसा घ्यावा."

याच माणसाच्या तोंडून मी मोरचुदाच्या पुरचुंडीचं ऐकलं होतं. बागेतल्या टाक्यात शेवाळ धरायचं आणि ठिबकच्या नळ्या तुंबायच्या, तेव्हा ते फडक्यात मूठभर मोरचूद बांधून टाक्यात टांगून ठेवायचे. दोन दिवसांत पाणी काचेसारखं. हे त्यांनी असंच, लिंबाच्या बुंध्याला निळं-पांढरं लावता लावता, नवऱ्याला सांगितलं होतं. मी कपडे वाळत घालत होते. त्या टाक्यात मासे नव्हते हे सांगायचं त्यांना कारण नव्हतं, कुणी विचारलंच नव्हतं.

फेब्रुवारीत दिरांच्या मुलीची सुपारी फुटली. नातीसाठी म्हणून सासरे दोन दिवस गावी गेले, बागेकडे बघणार नाही असं बजावून. शुक्रवारी ते गेले. शुक्रवारीच संध्याकाळी मी पायऱ्यांखालच्या कपाटातून त्यांची मोरचुदाची पिशवी काढली.

मी अडाणी नव्हते. तांबं माशांना सोसत नाही हे मला माहीत होतं, म्हणून मी मूठभर घेतलं नाही. पुस्तक काढलं, लांबी, रुंदी, खोली घेतली, लिटर काढले, शाळेतून आणलेल्या तराजूवर खडे मोजले. गणित बिनचूक होतं. फक्त मी हौद धरला होता माझा, निळ्या रंगाचा, कमरेइतक्या पाण्याचा. तळाशी त्यांची तीन पोती माती होती आणि वरून हातभर पाणी उन्हाने ओढलं होतं. पाणी जेमतेम निम्मं होतं. ज्या चिखलावरून मी आठ महिने भांडत होते, तोच चिखल मी मोजायला विसरले. चक्का टांगायचं माझं मलमलचं फडकं, कडेला लाल दोऱ्याची शिवण घातलेलं, त्यात खडे बांधले आणि कमळाच्या पानांआड दोरीने सोडून दिले. ते परत येतील तेव्हा पाणी नितळ असेल, मासे खुशाल असतील, आणि मी एक शब्दही बोलणार नाही, असं मी ठरवलं होतं. ते न बोलणंसुद्धा मी मनात दोनदा घोळवून पाहिलं.

शनिवारी पाणी तपकिरी व्हायला लागलं. मासे वर येत होते. मी म्हटलं, शेवाळ मरतंय, होणारच. मुलीला आजोळी पाठवलं होतं, ती संध्याकाळी येऊन तशीच झोपली.

रविवारी सकाळी मी मागचं दार उघडलं. पाणी काचेसारखं झालं होतं. कमळाचे देठ मुळापर्यंत दिसत होते, मातीत रुतलेली मुलीची एक पेन्सिल दिसत होती. आणि पाणी तसं नितळ होतं म्हणूनच सगळे एकदम दिसत होते. सात वर तरंगत होते, चार तळाला आडवे पडले होते. मी मोजले. मोजून झाल्यावर परत मोजले.

मी तिथे उभी असतानाच मागचं फाटक वाजलं. सासरे पहिल्या एसटीने आले होते. हातात सुपारीच्या लाडवांची पिशवी. ते सरळ हौदापाशी आले, थांबले, पिशवी खाली ठेवली. हात घालून पानं बाजूला केली, दोरी सापडली, ओढली. पुरचुंडी वर आली. त्यांनी फडकं उलगडून लाल शिवण बघितली. ते फडकं त्यांनी माझ्या ओट्यावर शंभर वेळा पाहिलं होतं. मग माझ्याकडे बघितलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि मला एकच भीती होती, ती आत झोपलेल्या पोरीची.

ती तेवढ्यात उठून आलीच. आजोबांचा आवाज नव्हता, पण फाटकाचा आवाज तिला कळायचा. ती माझ्या बाजूने धावत गेली आणि हौदाच्या काठावर थबकली. तिच्या ओरडण्याने नवरा बनियनवर बाहेर आला. सासऱ्यांनी फडकं मुठीत चुरगाळून सदऱ्याच्या खिशात कोंबलं.

"काय झालं हे? कुणी काय टाकलं?" नवऱ्याने विचारलं.

"मोरचूद," सासरे म्हणाले. "जायच्या आधी टाकून गेलो मी. पानी लय हिरवं झालं हुतं. अंदाज चुकला."

त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशाला निळा डाग पसरत होता. नवऱ्याने तो बघितला आणि त्याची खात्री पटली. तो जे बोलला ते मी त्याला कधी कुणाशी बोलताना ऐकलं नव्हतं. बापाला तर नाहीच. किती वेळा सांगितलं हे विष घरात ठेवू नका, बाग उपटली तरी अक्कल बागेतच ठेवून आलात, पोरीचे मासे मारलेत तुम्ही. सासरे खाली मान घालून ऐकत होते. हा माणूस, जो भाजीवालीचंही ऐकून घेत नसे.

मुलगी रडत नव्हती. ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्हीच सांगितलं होतं ना, हात लावायचा नाही म्हणून?"

ते म्हणाले, "हां. मीच सांगितलं हुतं."

मी बोलायला हवं होतं. जागा होती, वेळ होती, तीन-चार शब्दांचं काम होतं. मी दारातून आत गेले आणि गॅसवर दूध ठेवलं. मला भीती वाटत होती हे खरं. पण त्या भीतीखाली, लाज वाटली तरी सांगते, एक थंडगार समाधानही होतं. आता हे जातील.

आणि ते गेलेच. आठ दिवस राहिले. मुलगी त्यांच्याशी बोलायची बंद झाली. ते ओसरीवर आले की ती उठून आत यायची. त्यांनी एकदा कोल्ह्याची गोष्ट काढली, तिने दार लावून घेतलं. नवव्या दिवशी त्यांनी कपड्यांची पिशवी भरली आणि ज्या बागेत पाय ठेवणार नव्हते तिथे परत गेले. मोरचुदाची पिशवी मात्र घेऊन गेले नाहीत. मी ती तशीच कचऱ्याच्या गाडीत टाकली. घर माझं झालं. हौदही माझा झाला. मुलीने परत मासे नको म्हणून सांगितलं.

मुलं विसरतात म्हणतात. विसरतातही. सहा महिन्यांनी ती मासे विसरली असेल, पण आजोबांजवळ जाऊन बसायची सवय मोडली ती मोडलीच. दिवाळीला गावी गेलो की ती लांबून नमस्कार करायची आणि चुलत बहिणींकडे पळायची. मी बघायचे. दर वेळी वाटायचं, आज सांगू. दर वेळी काहीतरी निघायचं, फराळ, पाहुणे, परतीची एसटी.

तीन-चार वर्षांनी ते आजारी पडले. नवऱ्याला रजा नव्हती म्हणून मी एकटी बघायला गेले. ते वाइनच्या बागेच्या बांधावर खाट टाकून पडले होते, हातात गोफण, पाखरं हाकायला. दिरांनी त्यांना काम दिलं होतं की त्यांनी ते घेतलं होतं, विचारलं नाही. मी चहाचा पेला दिला आणि एकदम विचारून टाकलं, "दादा, त्या दिवशी तुम्ही खोटं का बोललात?"

त्यांनी आश्चर्य दाखवलं नाही. चहा बशीत ओतला, फुंकला.

"पोरगी आज्यावर रुसली तर रुसली," ते म्हणाले. "आज्या आज हाय, उद्या नाय. आईवर रुसली तर तिनं जायाचं कुठं?"

ते माझ्याकडे बघत होते आणि मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी मऊ बोलणार आणि मला त्यांच्या पाया पडावं लागणार.

"तुझ्यासाठी नाय केलं मी," ते म्हणाले. "तू मला आजबी आवडत नाय."

"मलाही तुम्ही आवडत नाही," मी म्हटलं.

"मंग झालं तर," ते म्हणाले, आणि गोफणीत खडा घातला.

आमच्या आयुष्यात आमचं एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालं. परत येताना एसटीत मला संताप आवरत नव्हता. भांडणारा माणूस समोरून निघून जातो आणि वर असं काहीतरी हातात ठेवून जातो, की ते टाकताही येत नाही आणि परतही करता येत नाही. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर मी सुखाने जगले असते. घरी येऊन मी मुलीला सांगणार होते. ती अभ्यास करत होती. मी म्हटलं, झोप लवकर.

त्यानंतर दोन वर्षांनी ते गेले. मुलगी नववीत होती. परीक्षा चालू होती म्हणून तिला अंत्यविधीला नेलं नाही, दहाव्याला नेलं. तिथे तिच्या चुलत बहिणी धाय मोकलून रडत होत्या आणि ती घाटावर चप्पल हातात धरून उभी होती, ओळखीच्या कुणाच्या तरी घरचं कार्य असावं तशी. कावळा शिवायला वेळ लागला. लोक म्हणायला लागले, म्हाताऱ्याचं काहीतरी राहिलंय, कुणी काहीतरी कबूल करा. दिरांनी हात जोडून वाइनची बाग काढून टाकतो म्हणून कबूल केलं, नवरा काहीतरी पुटपुटला. कुणीतरी माझ्याकडे बघितलं. मी पदर डोक्यावर घेतला. कावळ्यावर माझा विश्वास नाही, मी जीवशास्त्र शिकवते. पण मला तिथे उभं राहवेना. बऱ्याच वेळाने एक कावळा आला, तोही भातापेक्षा शेवेच्या आशेने आला असावा.

नवरा तेराव्यापर्यंत थांबणार होता. आम्ही दोघी दुपारच्या एसटीने निघालो. खिडकीकडे ती, शेजारी मी. तिची बॅग तिच्या मांडीवर होती. निफाड गेलं. ती म्हणाली, "आई, मला रडूच येत नव्हतं. सगळे बघत होते. मी वाईट आहे का गं?"

तेव्हा मी सांगितलं. सगळं, क्रमाने. हळदीकुंकू, फडकं, लिटर, लाल शिवण, खिशाचा डाग. त्यांनी बांधावर सांगितलेलंही सांगितलं, त्यांच्याच शब्दांत. ते मी गाळू शकले असते. बोलताना माझा आवाज वर्गात असतो तसा येत होता आणि मला तो बंद करता येत नव्हता. चांदोरीला माणसं चढली उतरली. माझं बोलणं संपलं तेव्हा गाडी पुन्हा सुटली होती.

ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावरून पाणी ओघळायला लागलं, त्या दिवशी हौदाजवळ आलं नव्हतं ते, घाटावर आलं नव्हतं ते. मी हात पुढे केला. तिने मांडीवरची बॅग उचलली, माझ्याकडे न बघता आमच्या दोघींच्या मध्ये सीटवर ठेवली, आणि त्या बॅगेला टेकून खिडकीकडे तोंड करून बसली.

नाशिकपर्यंत ती बॅग तिथेच होती. स्टँडवर उतरल्यावर ती पुढे चालू लागली. मी मागून विचारलं, कुठे चाललीस? ती थांबली, पण वळली नाही. तिला जायला दुसरीकडे कुठे नव्हतं, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. मग ती नाशिक रोडच्या सिटी बसच्या रांगेत जाऊन उभी राहिली, आणि मी तिच्या मागे दोन माणसं सोडून उभी राहिले.